काळी पाच

रूथ गेली त्यानंतर सात महिने मी देवाशी बोललो नाही. चर्चला जात होतो, पेटी वाजवत होतो, सगळ्यांनी डोळे मिटले की मीही मिटत होतो. पण आत काही नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, तुमचा अनुभव लिहून काढा, मंडळीला वाचायला देऊ. मी चौथीपर्यंत शिकलेला, भांडुपच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला. चुकेल तिथं सांभाळून घ्या. देवावर मी रागावलो होतो हे आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको.

आमचं चर्च मुलुंडला पूर्वेकडे, मिठागरांच्या कडेला. पत्र्याचं छप्पर, नऊ बाया आणि तीन पुरुषांचं गायन मंडळ. ते बारा जणांचं मंडळ बावीस वर्षं माझी बायको रूथ चालवत होती. गुरुवारी रात्रीची भांडी झाली की ओट्याला टेकून वही उघडायची आणि मला विचारायची, "रविवारी काय घ्यावं हो?" मी तोंड उघडायच्या आत तिचं ठरलेलंही असायचं. पाळक कशावर बोलणार, कोणाच्या घरात दुखणं आहे, कोणाचं माणूस नुकतंच गेलंय आणि कोणतं गाणं त्याला ऐकवणार नाही, हे सगळं ती धरायची. तालमीची वेळही तशीच. नळाचं पाणी, कारखान्यांच्या पाळ्या, मुलांच्या शाळा यांच्या फटीतून ती एक तास काढायची, आणि मंडळी बरोबर हजर. मला गाण्यांची नावं राहत नाहीत. मी आपला मातीत पडलेल्या गव्हाच्या दाण्याचं गाणं, कबरीवरचा दगड लोटल्याचं गाणं असं म्हणायचो. ती हसायची आणि पट्टी सांगायची. काळी पाच. नेहमी काळी पाचच. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, बायकांच्या मानानंही उंच. तिथं तिचा गळा असा बसायचा, जसं कबूतर पत्र्याखालच्या वाशावर बसतं. मी भाता ओढायचो आणि सूर द्यायचो. मी स्वतः कधी गायलो नाही. ती म्हणायची, तुम्ही का गात नाही? मी म्हणायचो, मला गळा नाही. आम्ही तिघेही पुरुष नुसते ओठ हलवायचो.

ती गेल्यावर मंडळ थांबलंच होतं. पाच महिन्यांनी पाळकसाहेबांनी विचारलं, मंडळ आता कोण बघेल. खरं तर रत्नाबाईंनी बघायला हवं होतं. त्या रूथच्या जुन्या मैत्रीण, शिकलेल्या, शाळेत शिवण शिकवत होत्या. पण रूथच्या वहीला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला चालणार नव्हता, म्हणून मीच हो म्हणालो. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, सहा आठवड्यांवर आला होता. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे सगळी मंडळी कबरस्थानात जमते. आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, फुलं घालतात, आणि उजाडताना मेणबत्त्या लावून तिथंच उपासना होते. मंडळ कबरींमध्ये उभं राहून गातं. या वर्षी त्या मातीत रूथ असणार होती. मी ठरवलं, गेल्या वर्षी तिनं घेतलेली पाचही गाणी घ्यायची, त्याच क्रमानं, त्याच पट्टीत. तालीमही वहीत लिहिलेल्या वेळेला, बुधवारी चार वाजता. तिला खालून ऐकू यावं की काही बदललेलं नाही. याला मी प्रेम समजत होतो.

पहिल्याच बुधवारी तिघीजणी आल्या. मी घड्याळ बघत बसलो आणि पुढच्या वेळी सगळ्यांना बोललो. रत्नाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, जानेवारीपासून पाणी चारला येतंय. रूथ असती तर तिनं वेळ बदलली असती."

मी म्हणालो, "वहीत चार लिहिलंय."

"मग वहीलाच उभं करा नळावर बादली घेऊन."

बाया हसल्या. मी हसलो नाही, वेळही बदलली नाही. त्यापेक्षा वाईट झालं ते गाण्याचं. गव्हाच्या दाण्याच्या गाण्यात तिसरी ओळ वर चढते. तिथं रूथ एकटी वर जायची आणि बाकीच्या तिचा पदर धरल्यासारख्या मागून यायच्या. आता पुढं कोणी नव्हतं. ती ओळ आली की आवाज फाटायचे, कोणी मध्येच थांबायची, रत्नाबाईंना तर दम्याचा खोकलाच सुटायचा. त्यांनी दोनदा सांगितलं, जरा खाली घ्या. मी म्हणालो, हिची पट्टी बदलायची नाही. दोघी यायच्या बंद झाल्या, मग एकेक करत आणखी काही. चौथ्या आठवड्याला पेटीसमोर पाच माणसं होती. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे आठवडाभर आधी, बसलं नाही तर यंदा कबरस्थानात गाणं नको, मी स्तोत्र वाचेन, तेवढं पुरे, असं ते अगदी हळू म्हणाले. मी म्हणालो, तुम्हाला करायचं ते करा. घरी जाताना मला कळत होतं की तिच्या कबरीवरचा पहिलाच पुनरुत्थानाचा रविवार मुका जाणार, आणि बावीस वर्षांचं तिचं मंडळ मी महिन्याभरात मोडलं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी मी चर्चमध्ये एकटा बसलो होतो. आता एक कबूल करतो. त्या महिन्यांत मी असा दुपारचा बरेचदा जाऊन बसायचो. काळी पाचवर बोट ठेवायचं, भाता हळूहळू ओढायचा, तो एकच सूर धरून बसायचं. खिडकीतून मिठागरं दिसायची. उन्हात ती अशी पांढरी होतात की जमीन आहे की पाणी की ढग खाली उतरलेत ते समजत नाही. डोळे अर्धवट मिटले की त्या सुरात ती असायची. प्रार्थना वगैरे काही नाही, मी तिच्यापाशी जाऊन बसायचो. पण सूर काही दिवसांपासून घोगरा झाला होता, आणि त्या दुपारी गेलाच. बोट दाबलं तर नुसती हवा. पुन्हा दाबलं, पुन्हा हवा. शेवटच्या दोन दिवसांत तिचा श्वास असाच यायचा. मी पेटीवर डोकं टेकलं.

डोळा लागला असावा. मला मिठागरं दिसली, आणि त्यांच्या बांधावरून रूथ दोन बादल्या घेऊन चालली होती. पाणी हिंदकळत होतं, पण खाली सांडत नव्हतं. मी हाक मारली. ती वळली नाही. ती गुणगुणत होती, आणि मला नवल वाटलं ते याचं की ती खाली गात होती, अगदी खाली, मी तिचा तसा आवाज उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तिला कसली घाई नव्हती. बांध संपेपर्यंत मी ऐकत राहिलो.

जाग आली तेव्हा दारात एक म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, खांद्याला खाकी पिशवी. पेटी बिघडली काय, म्हणून विचारत होता. मी विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं. तो म्हणाला, "एका बायन सांगल्यान, चर्चातल्या पेटीचो सूर बसलो म्हणान." कोण बाई ते त्याला ठाऊक नव्हतं, रस्त्यात भेटली होती. नंतर मी मंडळातल्या एकेकीला विचारलं. सगळ्या नाही म्हणाल्या. मी त्यावर जास्त डोकं चालवत नाही.

माणूस मालवणकडचा. गिरणीत होता तेव्हा भजनात बुवा म्हणून गायचा, गिरणी बंद पडल्यापासून कुर्ला ते ठाणे पेट्या दुरुस्त करत हिंडायचा. त्यानं जाळी काढली, फुंकर मारली आणि सुराची पितळी जीभ काढून तळहातावर घेतली. तडकली होती. बाकीचे सूर धड आहेत, हा एकच इतका कसा झिजला, असं त्यानं विचारलं. काळी पाचात तुमच्याकडे कोण गातं, असंही विचारलं. मी म्हणालो, बायको गायची, गेली. तो ती जीभ धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मगे ही पेटी आता कोणाची वाट बघता?"

मला सात महिन्यांत खूप लोकांनी खूप काही सांगितलं होतं. पाळकांनी वचनं वाचली, शेजाऱ्यांनी जेवण आणलं. कशानंच मी हललो नव्हतो. या परक्या माणसाच्या एका प्रश्नानं मी लहान पोरासारखा रडलो. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, बोलत ऱ्हवा. मी रूथबद्दल काय काय बोलत होतो, आणि तो माझ्या बोलण्याखाली हळूच एकेक पट्टी दाबून बघत होता. काळी दोनवर थांबला. इथं तुमचा आवाज बसतो, म्हणाला, म्हाताऱ्या बायाही बसतील, आमचं भजन असंच चालतं, कोणाला बाहेर ठेवायचं नाही. जीभ नवीन घासावी लागेल म्हणून जुनी कागदात गुंडाळून घेऊन गेला. आता मनात आणलं असतं तरी काळी पाच मला वाजवता आली नसती.

दुसऱ्या दिवशी उपासना सुटल्यावर मी वही रत्नाबाईंच्या हातात दिली आणि म्हणालो, तुम्हीच निवडा. पाळकसाहेबांकडे आठवडाभराची मुदत मागितली, त्यांनी दिली. रत्नाबाईंनी पाचाची तीन गाणी केली, त्यातली दोन साऱ्या मंडळीला येणारी. गव्हाच्या दाण्याचं त्यांनी ठेवलं. म्हणाल्या, हे रूथचं आहे, पण आता आपण सगळे उचलू. तालीम साडेपाचला, पाणी भरून झाल्यावर. त्या आठवड्यात तीनदा बसलो. आल्या सगळ्या, यायच्या बंद झालेल्याही, ओल्या निऱ्या पिळत. काळी दोनात ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ओळखूच आलं नाही. उठून जावंसं वाटलं. बसून राहिलो.

त्या पहाटे खाडीवरून धुकं आलं होतं. मेणबत्त्या तेवढ्या दिसत होत्या, माणसं नव्हती, ओल्या चुन्याचा वास होता. कबर कुठं संपते आणि वाट कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. पेटी एका स्टुलावर ठेवली, रूथच्या पायाशी. गव्हाच्या दाण्याचं गाणं सुरू झालं. तिसरी ओळ आली आणि कोणी थांबलं नाही. मागून पुरुषांचे आवाज आले, धुक्यातून, जे कधी गायले नव्हते त्यांचे. मला त्यात एक आवाज अगदी जवळून यायला लागला, पत्रा ओढल्यासारखा खरखरीत, आणि तो माझा आहे हे कळायला मला एक पूर्ण ओळ लागली. मी गात होतो. खाली, अगदी खाली, ती बांधावरून जाताना गात होती तिथं. मी थांबलो नाही. गाता गाता सात महिन्यांनी देवाशी बोललो. मी म्हणालो, ती तुझीच आहे, ठेव तिला. बाकी काही मला सुचलं नाही.

उजाडल्यावर रत्नाबाई जवळ आल्या. "भाऊजी, इतकी वर्षं हा गळा लपवून ठेवला होता होय?"

मी म्हणालो, "ती विचारायची. मीच नाही म्हणायचो."

म्हातारा पंधरा दिवसांनी परत आला आणि नवी जीभ बसवून गेला. काळी पाच आता छान वाजते. कोणाचा गळा तिथं जात असेल तर मी सूर देतो, मुद्दाम तिथं जाऊन बसत नाही. देवाचे आभार मी मानतो, त्या माणसाचे मानतो, आणि ती बाई कोण असेल तिचेही. मी जे घट्ट धरून ठेवलं होतं तेच माझ्या बोटाखाली झिजून गेलं, आणि हात मोकळा झाल्यावर मला बारा माणसं ऐकू आली. माझ्यासारख्याला एवढं शिकायला म्हातारपण लागलं.

मंडळ रत्नाबाई बघतात, पण गाणी निवडायला वही गुरुवारी माझ्याकडे असते. भांडी घासून झाली की मी ओट्याला टेकतो, वही उघडतो आणि विचारतो, रविवारी काय घ्यावं? ती विचारायची तेव्हा उत्तराला थांबायची नाही. मी थांबतो.