उपडा रांजण

पाण्यानं भरलेली कातडी मशक पाठीवर घेऊन रसूल भिस्ती पहाटे बोरी नदीवरून निघाला, की नळदुर्गचा किल्ला धुक्यात तरंगतोय असं त्याला वाटायचं. मशकीतून ठिबकणाऱ्या थेंबांची रेघ धुळीत त्याच्यामागं चालत यायची.

दरसाल ईदच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो कोरडी मशक घेऊन दारोदार विचारायचा, "यंदाबी पाणी घालू का?" घरधनीण शिरखुर्म्याची वाटी हातात द्यायची, की वर्षाचा सौदा पक्का.

यंदा कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या रामकिसननं त्याला शहाणं केलं. "चाचा, विचारता कशाला? नको म्हणत न्हाईत तवर सौदा आपोआप चालू." रसूलला पटलं. ईद सरली, तो न विचारताच पाणी घालत राहिला. कुणी काही बोललं नाही.

चार दिवसांनी फरिदाबीच्या अंगणात मात्र रांजण उपडा. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली.

"आपा, पाणी नको का?"

"नको कुणी म्हणलं?"

"मग चालूच की. रामकिसन म्हणतो, कायदाच हाय तसा."

"आन् व्हय कुणी म्हणलं रे? मी गप्प होते. गप्प माणसाच्या तोंडात व्हय घालायचा कायदा ह्या उंबऱ्याच्या आत चालायचा न्हाय!"

मशक ठिबकत राहिली. पायाशी लहानसं तळं साचलं, त्यात आभाळ उतरलं. रसूलनं मान खाली घालून विचारलं, "यंदाबी पाणी घालू का?"

फरिदाबीनं आतून झाकलेली वाटी आणली. शिरखुर्मा आंबला होता.

"ईदपासून ठेवलाय," ती म्हणाली. "इचारशील म्हणून."

रसूलनं वाटी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.