धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या गाई

मी माझ्या एकुलत्या एका जावयाच्या गाई पळवल्या. सगळ्या. तेही धोंड्याच्या महिन्यात, ज्या अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून, गोडधोड खाऊ घालून, वाण देऊन पाठवायचं असतं!

तो गेम माझ्या फोनमध्ये त्यांनीच टाकला होता. गिरीश, आमचे जावई, तुमसरला असतात. मी बालाघाटच्या कचेरीतून रिटायर झालो आणि दिवसभर स्वयंपाकघरात बायकोच्या चुका काढू लागलो, तेव्हा तिनंच त्यांना साकडं घातलं. "जवाईबापू, यायले कशाच्या तरी नादी लावून द्या." त्यांनी लावून दिलं. आपली गढी बांधायची, गोठ्यात गाई पाळायच्या. जावयांची स्वतःची गढी होतीच त्यात. फुकट! (फुकट या शब्दावर माझी जुनी श्रद्धा आहे.)

एकदा दूध काढलं की तासन्‌तास वाट पाहा, नाहीतर हिरे विकत घ्या. कुंपण हवं? हिरे. गाय आजारी? हिरे! मधूनच अख्ख्या पडद्यावर जाहिरात यायची आणि ती बंद करायची फुली मोहरीच्या दाण्याएवढी. माझं बोट आयुष्यभर कचेरीत शिक्के मारलेलं, ते फुलीवर कसलं पडतंय?

त्या दिवशी जावई आणि आमची स्वाती जेवायला यायचे होते. बायको अनारसे तळत होती. माझ्या पडद्यावर एक सोनेरी बटण नाचायला लागलं: 'इनाम लो!' मी घेतलं. ढोल वाजले, धूळ उडाली आणि अक्षरं उमटली: 'बधाई हो! आपने गिरीश की गढ़ी लूट ली!' वर त्या गेमनं माझ्या नावानं जावयांना एका मिशीवाल्या माणसाचं चित्र पाठवलं, पोट धरधरून हसणाऱ्या.

लगेच स्वातीचा फोन. "बाबा, काय केलं तुमी? हे रस्त्यातच, कटंगीत, गाडी थांबवून बसले. म्हणून राह्यले, मी वापस जातो."

"अवं पोरी, मी तं इनाम घेतलं!"

"आमच्या गाईचं?"

तेवढ्यात बायकोच्या फोनवर विहीणबाई. "आमाले वाटलं तुमी वाण द्याल. तुमी तं गाईच नेल्या!" बायको झारा घेऊन बाहेर आली. पोरीचं सासर ते!

गाई परत करायचं बटण शोधलं. लुटायला मोठं बटण होतं, परत करायला काहीच नाही! भेट पाठवता येत होती, म्हणून मुकाट्यानं हिरे घेऊन एक पेटी पाठवली. पेटीत काय निघेल ते गेमची मर्जी. बकरीची टोपी निघाली.

आता खुद्द जावयांचा फोन. "मामाजी, गाई नेल्या तं नेल्या, वरून बकरीची टोपी काहून पाठवली?"

"चुकलं बापू! तुमी माह्यी गढी लुटा. आत्ता लुटा!"

"लुटू कशी? तुमच्या गढीवर तं कवच चढलं!"

हिरे घेतले म्हणून आठवडाभराचं कवच आपोआप मिळालं होतं. ते काढायला? हौ, हिरेच!

बायकोनं फोन हिसकला. "जवाईबापू, तुमी या. गढीचं माह्याकडे लागलं."

ते आले. मान खाली घालून जेवले. मग बायकोनं त्यांना कुंकू लावलं आणि वाणाचं ताट पुढे केलं. त्यात अनारसे होते, चांदीचं निरांजन होतं आणि मधोमध माझा फोन!

"घ्या. गाई, गोठा, गढी, सबन तुमचं."

जावई पहिल्यांदा हसले आणि अजून एक अनारसा उचलला. माझा जीव भांड्यात पडला. मी हळूच विचारलं, "आन्‌ मी काय वापरू?"

"वाण हाये ते," बायको म्हणाली. "दिलेलं वापस मागत नसते."

चार दिवस शांततेत गेले. मग पुन्हा विहीणबाईंचा फोन. "काहो, पुन्हा आमच्या गाई नेल्या?"

झालं होतं असं, की जावयांनी आपल्या गढीत हौसेनं नव्या गाई घेतल्या आणि माझ्या फोनवरचं तेच सोनेरी बटण स्वतःच्या हातानं दाबलं. स्वतःची गढी स्वतःच लुटली! पण लुटणाऱ्याच्या जागी नाव माझं, फोटो माझा, आणि हसणारा तो मिशीवालाही माझ्याच नावानं गेलेला. जावई पुन्हा रुसलेत.

बायकोनं अनारशांसाठी परत तांदूळ भिजत घातलेत. अधिक महिना अजून संपलेला नाही, आणि वाणात द्यायला घरात आता मीच तेवढा उरलोय.