फवारणी पंपाची नळी

आमच्या घरात भांडण तोंडानं सुरू होतं आणि हातानं संपतं. माहेरी मी असलं काही पाहिलं नव्हतं, पण सासरी आल्यावर वर्षभरात मीही तयार झाले. माझा नवरा एकदा डोक्यात राख घालून उठला की पुढ्यात कोण आहे हे त्याला दिसत नाही. धाकटा दीर सहसा हात उचलत नाही, पण बोलतो असं की समोरच्यानं उचलावा. दोघांच्या मधे मी.

आमचं रान शिरूर तालुक्यात, अगदी भीमेच्या काठाला. पलीकडचा काठ दौंडचा. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून झेंडूची पोती आम्ही बोटीतून पलीकडे टेम्पोपर्यंत न्यायचो. बोट दोघा भावांची, आणि तिच्या मागं बसवलेलं पेट्रोलचं इंजिन आम्ही जुनंच घेतलेलं.

त्या दसऱ्याच्या तोंडावर वरून धरणाचं पाणी सोडलं होतं. नवरा एकटाच पोती घेऊन निघाला. ऐन धारेत इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मी आणि दीर काठावरून ओरडत होतो, तो दोरी ओढत होता, इंजिनाच्या आईबापाचा उद्धार करत होता, आणि नदी बोटीला आडवी धरून बंधाऱ्याकडे फरफटत नेत होती. बोट बंधाऱ्याच्या खांबावर आदळली. पोती फुटली. तो बंधाऱ्याच्या लोखंडाला लोंबकळत राहिला, आणि पलीकडच्या लोकांनी दोर टाकून त्याला वर घेतलं, मागून बोटही ओढून काढली. छातीची सालटं निघाली होती.

घरी आल्यावर त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. "सकाळी पेट्रोल कुनी भरलं?" एवढंच विचारलं.

भरलं होतं दिरानं. आणि आदल्याच संध्याकाळी दीर म्हणाला होता, बोट विकून टाकू, मी सणसवाडीला कंपनीत लागतो. नवऱ्यानं दोन्हीची सांगड घातली. जेवताना मला म्हणाला, "नळी ढिली केली त्यानं. मला बुडवायला." मी म्हटलं, तोंडाला येईल ते बोलू नका. त्यानं ताट भिंतीवर फेकलं. त्या दिवसापासून दिराच्या हातचा चहाही तो घेईना. सख्ख्या भावावर असला आळ! मला त्याची किळस आली होती, खोटं कशाला सांगू.

दौंडच्या मेकॅनिकनं कार्बोरेटर गेला म्हणून सांगितलं. दीर म्हणाला, "दादा, आदी नळ्या बघू." "नळ्यांचं तुला बरं ठावं!" म्हणून नवरा नवा कार्बोरेटर घेऊन आला. मेकॅनिकनं त्याच पिशवीत पेट्रोलची नवी नळी आणि क्लिपा घातल्या होत्या. नवऱ्यानं त्या काढूनसुद्धा पाहिल्या नाहीत. आमच्याकडे कूलर गळो, गोबरगॅस गळो, औषध एकच: फवारणीच्या पंपाची नळी घालायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. त्यासाठी कोण क्लिपा वापरतो?

काठावर बोट ओढून दोघांनी कार्बोरेटर बदलला. टाकीच्या नळीवर एक रबरी फुगा असतो. तो दाबत राहिलं की पेट्रोल इंजिनात चढतं आणि फुगा हाताला घट्ट लागतो. दीर दाबत होता आणि फुगा मऊचा मऊ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"कुठंतरी नळी ढिली हाय," दीर म्हणाला आणि एकेक नळी हातानं ओढून बघायला लागला. पहिली घट्ट. दुसरी घट्ट. तिसरीला, इंजिनाच्या आतल्या पंपाकडे जाणारीला, नुसता हात लावला तर ती बोटांत आली.

"ही बघ! म्हनलं न्हवतं?" तो हसला. हसायला नको होतं.

"तुला बरी नेमकी घावली," नवरा म्हणाला, आणि हातातला मोठा पाना दिराच्या मनगटावर बसला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर. दीर चिखलात पडला, तसा नवरा त्याच्या पाठीवर बसला आणि मानगूट धरून त्याचं तोंड पाण्यात दाबलं. "बुडवतो मला? आं? बुडवतो?" पाण्यातून बुडबुडे येत होते.

मी बोट रेटायचा बांबू उचलला आणि नवऱ्याच्या पाठीत घातला. तो हलेना. परत घातला. मग कानशिलावर घातला, तेव्हा तो बाजूला कोलमडला. अजून मारायची माझी तयारी होती.

दीर खोकत पाणी ओकला. "वैनी," म्हणाला, "ती नळी बघा."

मी उचलली. फवारणी पंपाचीच होती. पेट्रोलनं ती इतकी कडक झाली होती की वाकवली तर मोडेल. टोकाशी ट्यूबची पट्टी होती आणि पट्टीची गाठ जशीच्या तशी. कुणी मुद्दाम ढिली केली असती तर गाठ सोडावी लागली असती, नाहीतर कापावी. इथं नळीच कडक होऊन गाठीसकट निसटली होती. आणि पट्टीचे वेढे उलटे होते. माझा नवरा डावखुरा आहे.

मी ती त्याच्या नाकासमोर धरली. "ही गाठ कुनाची? बोला की आता!"

त्यानं कानाचं रक्त पुसलं. "माझी," म्हणाला.

पिशवीतली नवी नळी मी कापून बसवली, क्लिपा आवळल्या. फुगा दाबला तर दगडासारखा झाला. दिराचं मनगट सुजून काळंनिळं पडलं होतं. दवाखाना पलीकडे दौंडला. आम्ही बोट पाण्यात लोटली. नवरा गुमान जाऊन इंजिनाशी बसला.

दिरानं एक पाय बोटीत टाकलेला काढून घेतला. "दादा, तू उतर."

"आरं, धार हाय. तिला झेपायचं न्हाई."

"वैनी चालवतील. बुडालो तर बुडालो." मोडका हात त्यानं पोटाशी धरला होता. "मी तुला बुडवीन, आसं तुला वाटलंच कसं रं? आता मलाबी तुझं भ्या वाटतंय. तू बसनार आसशील तर मी येत न्हाई."

नवरा खाली उतरला, गुडघाभर पाण्यात. दीर चढला. बोट रेटायला म्हणून नवऱ्यानं तिच्या कडेला हात लावला, तर दीर त्या हाताकडे बघत राहिला. नवऱ्यानं हात काढून घेतला, आणि मी बांबू रोवून बोट धारेला घातली.