लसणाच्या चादरीतल्या चकत्या

माझ्या सासूबाई, पुष्पाबाई, नाकावर माशी बसू देत नाहीत. भाजीवाल्यानं एक किडकं वांगं घातलं तर ते अख्ख्या पाचोऱ्याला कळतं. "आपलं काम चोख, मग भ्यायचं कोणाला?" हे त्यांचं पालुपद. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा फार धाक वाटायचा. हल्ली आम्ही दोघी एकमेकींच्या डोळ्याला डोळा देत नाही.

आमच्या परसात कागदी लिंबाचं झाड आहे. चैत्रात सासूबाई पिवळी लिंबं उतरवतात आणि विळीवर पातळ गोल चकत्या करतात. एकूण एक बी काढतात, नाहीतर कडवटपणा उतरतो. मग मीठ चोळून गच्चीवर धुतलेल्या धोतरावर पसरायच्या, रोज उलटवायच्या. चार-पाच कडक उन्हं मिळाली की त्या वाजायला लागतात. वरणात एक टाकली की पुरते.

यातली एक बरणी दरवर्षी समोरच्या तारादेवींची. त्यांचं कापडाचं दुकान, घर जैन. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणाचे आठ दिवस त्या हिरवं काही खात नाहीत, ताजं लिंबूसुद्धा नाही. वाळवलेलं चालतं. कांदा-लसूण तर जन्मात तोंडात घातलेला नाही. बाहेरचं त्या कधी घेत नाहीत, पण "पुष्पाच्या हातचं मी डोळे मिटून खाते," असं चारचौघांत सांगतात. त्यानंतर दोन दिवस सासूबाईंचे पाय जमिनीला लागत नाहीत.

यंदा चकत्या घातल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी वादळ सुटलं आणि वळीव कोसळला. सासूबाई गच्चीवर एकट्या. हाताला लागली त्या चादरीत त्यांनी चकत्या भराभर गोळा केल्या. सकाळी गाठोडं सोडलं आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. चादर लसणाची होती. शेतातला नवा लसूण आधी आठवडाभर तिच्यावरच वाळला होता. ओल्या चकत्यांना त्याची सालं चिकटली होती.

"आई, ह्या आपण खाऊ. तारादेवींना दुसऱ्या करू," मी म्हणाले. पण वादळानं झाडावर एक लिंबू ठेवलं नव्हतं.

"मग सांगून तरी टाका त्यांना."

"काय सांगू? पुष्पानी लसूनमा घाल्यात म्हनीसन? चाळीस वरीसनी अब्रू शे मनी!" चिडल्या की सासूबाई अहिराणीवर येतात.

त्यांनी एकेक साल वेचली, पुन्हा दोन उन्हं दिली आणि एक चकती माझ्या नाकाशी धरली. "वास येस का?"

येत होता. अगदी थोडा, पण येत होता. "नाही," मी म्हणाले. त्यांच्याशी वाद कोण घालणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. बरणी समोर गेली.

पर्युषण लागलं तशा सासूबाई ओट्यावर बसेनाशा झाल्या. तारादेवींनी हाक मारली की न्हाणीघरात शिरायच्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी मनात हसायचे. मीही त्यातलीच, हे सोयीनं विसरून.

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा; त्याच्या दुसऱ्या दिवशी तारादेवी स्वतः आमच्या दारात आल्या. या दिवशी त्यांच्यात लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतात. दरवर्षी त्या येतात, हात जोडतात, चहा नको म्हणतात आणि जातात. या वेळी मात्र आत येऊन बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, रडवेली झाली होती.

"पुष्पा, मिच्छामि दुक्कडम्. नुसतं म्हणायला नाही आले. यंदा माझ्याकडून पाप घडलं. पहिल्याच दिवशी मुगाच्या पाण्यात तुझी चकती टाकली आणि मला लसणाचा भास झाला. तुझ्या हातावर मी शंका घेतली गं! मग स्वतःलाच शिक्षा म्हणून एक उपास केला, आणि उरलेले दिवस रोज एक चकती खाल्ली. मला माफ कर."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले. आता सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी सांगू नये, असंही वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

"माफ केलं, अक्का," सासूबाई म्हणाल्या.

तारादेवींनी समाधानानं डोळे पुसले, माझ्याकडे वळल्या आणि मलाही हात जोडले.

मीही म्हणाले, माफ केलं.