ईस्टरची सुट्टी

माझ्या नावाचा आणखी एक माणूस इथं आखातात आमच्या चर्चमध्ये आहे, आणि तो माझ्यामुळे आहे. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्साची प्रार्थना संपल्यावर मागून कुणी हाक मारली की आम्ही दोघंही वळतो. तो हसतो. मी मात्र मान खाली घालतो, आजही.

पहिल्यांदा तो आला तो चर्चच्या हॉलचा एसी दुरुस्त करायला. आमचा मराठी प्रार्थनेचा गट तिथं जमायचा, सगळे वसईकर: कुणी ऑफिसात, कुणी हॉटेलात, मी रुसैलच्या गोदामात पाइप सांभाळणारा. त्या दिवशी मी पहिल्या ख्रिस्ती मंडळीबद्दल बोलत होतो. ज्यांना यरुशलेमच्या देवळाच्या आतल्या अंगणात पाऊल टाकता येत नव्हतं, त्या परक्यांना त्यांनी आपल्यात कसं घेतलं, वगैरे. मला बोलायची हौस फार. एसी केव्हाच सुरू झाला होता, पण हा आपला शिडीवरच बसून ऐकतोय!

मग जेवणं. फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव होते, मटण होतं. तो ताट घेऊन दाराशी बसायला लागला. मी उठून त्याचा हात धरला. "अहो, दारात काय बसताय? इकडे या, मधे बसा." आणि बसवलं माझ्या शेजारी. ह्या हातानं बसवलं, हे मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

तो मालवणकडचा. पुढं ओळख वाढल्यावर त्यानं एकदाच सांगितलं, की गावच्या जत्रेत त्यांच्या घराची पानं सगळ्यांत शेवटी मांडतात, बांधाच्या पलीकडे. एवढंच बोलला आणि पाण्याचा ग्लास उचलला. नंतर तो दर शुक्रवारी यायला लागला. हमरियातल्या त्याच्या खोलीवरून चालत यायचा, भर उन्हात, टॅक्सीला हात करायचा नाही. कुणी त्याला बोलावलं नव्हतं, ओढलं तर मुळीच नव्हतं.

एकदा मी त्या मासे धरणाऱ्या प्रेषिताची गोष्ट सांगितली. परक्यांबरोबर तो खुशाल एका ताटात जेवत होता. मग यरुशलेमहून त्याची माणसं आली आणि हा पठ्ठ्या हळूच उठून बाजूला झाला. त्यावर ह्यानं विचारलं, "मगे तो उठलो कित्याक?"

"घाबरला," मी म्हटलं.

"कोणाक?"

"आपल्याच माणसांना." आणि पुढं त्या प्रेषितावर दहा मिनिटं तोंडसुख घेतलं मी. काय तो आव माझा!

स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्ती व्हायचं त्यानं स्वतःच ठरवलं. फादरनी वर्षभर थांबवलं, शिकवलं, घाई करू नकोस म्हणाले. शेवटी ईस्टर ठरला. धर्मपिता कोण, म्हणजे संस्काराच्या वेळी बापाच्या जागी त्याच्यासोबत कोण उभं राहणार, हा प्रश्न आला तेव्हा तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अरे, बघतोस काय? मीच!" त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

त्याच संध्याकाळी वसईला मोठ्या भावाला फोन केला. बायको-मुलगी त्याच्याच घरी राहतात. मला वाटलं खूश होईल. तो म्हणाला, "बरं. कोणातला?"

मी सांगितलं.

तो अगदी शांतपणे म्हणाला, "धर्मपिता म्हणजे आपल्याकडे नातं लागतं बाबा. उद्या पोरीच्या लग्नात तो मांडवात आपल्या रांगेत उभा. लोक विचारतील, हा कोण तुमचा? काय सांगशील?"

माझा मुलगा, असं सांगायचं होतं. तेवढंच तर सांगायचं होतं. मी म्हटलं, "हं."

आम्ही तरी कोण? कधीकाळी आमच्याही पूर्वजांच्या डोक्यावर कुणीतरी पाणी ओतलं. तेव्हा त्यांनाही विचारलं असणार, कोणातले. आम्ही ते उत्तर इतकी शतकं नीट जपून ठेवलं, गळ्यात क्रूस घालून.

पुढच्या शुक्रवारी मी मालकाचं नाव पुढं करून त्याला सांगितलं, "अर्बाबनं सुट्टी दिलीय, नेमकी ईस्टरलाच. घरी काम निघालंय रे." तो म्हणाला, "असू दे दादा. घर पहिलं." निघायच्या दिवशी दार्सैतला माझ्या खोलीवर आला, बॅग खाली उतरवली, चेन नीट लागत नाही म्हणून तिला दोरी बांधून दिली. टॅक्सीवाला घाई करत यल्ला यल्ला ओरडत होता, तरी ह्यानं गाठ दोनदा ओढून पाहिली.

वसईत भावाच्या शेजारी उभं राहून मी ईस्टरची मिस्सा ऐकली. स्नानसंस्काराच्या वचनांची उजळणी आली. भाऊ खणखणीत आवाजात उत्तरं देत होता. मी हातातल्या मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं खरवडत होतो.

परत आलो तेव्हा फादरनी त्याचा फॉर्म दाखवला. ऐन वेळी एक तमिळ आचारी धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. खालच्या, धर्मपित्याच्या रकान्यात माझं नाव होतं, त्यावर आडवी रेघ, आणि वर त्या आचाऱ्याचं नाव. वरच्या रकान्यात, स्नानसंस्कारात ह्यानं स्वतः घेतलेल्या नव्या नावाच्या जागीही माझंच नाव, न खोडलेलं. "त्यानं आधीच भरून दिला होता," फादर म्हणाले. "नाव बदलतोस का विचारलं, तर म्हणाला, राहू द्या."

मी तिथंच कबुली दिली, की सुट्टी मीच मागून घेतली होती. फादर एवढंच म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

नाही सांगितलं. उलट ते खोटं टिकवायला दर ईस्टरला सुट्टी काढायला लागलो. गावात भाऊ कौतुक करतो, सणाला न चुकता येतो म्हणून. अशी पाच वर्षं गेली.

ह्या वर्षी नाही गेलो. ठरवलं, बस्स झालं, ईस्टरला त्याला गाठून सांगून टाकायचं. चर्चच्या पायऱ्यांवरच तो भेटला. सोबत त्याच्या गावाकडचा एक वेल्डर, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, घामाघूम झालेला.

"दादा! तुम्ही इथं?" त्याला खरंच आनंद झाला. "आज ह्याचा स्नानसंस्कार."

मी घाईघाईनं विचारलं, "धर्मपिता कोण?"

"मीच. तुम्हालाच विचारणार होतो दादा. पण ईस्टरला तुमची सुट्टी असते ना."

त्याच्या आवाजात टोमणा शोधला मी. देवाशपथ, नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तोंड उघडलं, पण आत घंटा वाजली आणि तो वेल्डरला घेऊन गेला.

मी मागच्या बाकाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं फादरनी धर्मपित्याला पुढं बोलावलं, नावानं. माझा पाय उचलला गेला. तोवर तो वेदीशी पोचलाही होता, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून.

मी पाय मागं घेतला.