हरिभाऊंची पत्त्यांची वही

चाळीस वर्षं कारकुनी केली की माणसाकडे पेन्शन उरतं, नाहीतर किस्से. आमच्या दुकानात पेन्शन नव्हतं! त्यामुळे किस्से बरेच साचले, आणि त्यातले निम्मे हरिभाऊंचे.

टेंभी नाक्याजवळ नानासाहेबांचं औषधी तेलांचं दुकान होतं. दिवाळीच्या आधी आणि पावसाळ्याच्या आधी गिऱ्हाइकांना छापील किंमतपत्रकं टपालानं जात. सगळी मिळून हजार. घडी घालायची, भोवती कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर पत्ता लिहायचा. लिहिणारा मी. पत्ते सांभाळणारे हरिभाऊ.

त्यांच्या वहीत गाव शाईनं लिहिलेलं असे आणि माणूस पेन्सिलीनं. पहिल्याच दिवशी मी कारण विचारलं.

"अहो, गाव कुठं जातंय?" हरिभाऊ म्हणाले.

\* \* \*

बायकांची नावं आली की हरिभाऊंना घाम फुटे. नवरा असेल तर 'सौ.', नसेल तर 'गं. भा.'. इथं चूक झाली की तेलाची बाटली सोडा, दुकानाची पाटी जागेवर राहायची नाही!

कल्याणला पारनाक्यावर एक बाई ब्राह्मी तेल मागवत. त्यांचे यजमान गेले, असं कोणीतरी उडत उडत सांगितलं. आता पत्र लिहून तर विचारता येत नाही. हरिभाऊ गाडीत बसून कल्याणला गेले. घरासमोरून एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्या फेरीला ओट्यावर पान लावत बसलेल्या गृहस्थांनी हटकलं, "काय हो, कोण पाहिजे?"

"हे घर कोणाचं?"

गृहस्थांनी नाव सांगितलं. "मीच तो. काय काम आहे?"

"काही नाही," हरिभाऊ हात जोडून म्हणाले. "आपण आहात, एवढंच पाहायचं होतं!"

आणि पुढच्या गाडीनं परत. गृहस्थ महिनाभर घराबाहेर पडले नाहीत म्हणतात.

\* \* \*

कोलशेतला दामा पाटील नावाची चार गिऱ्हाइकं होती. चौघांच्या वडिलांचं नावही एकच, कारण आजोबांची नावं ठेवायची रीत. हरिभाऊंनी वहीत खुणा केल्या: 'दामा पाटील, विहिरीजवळचे', 'दामा पाटील, मिठागरवाले', 'दामा पाटील, थोरले'. चौथ्याला काही सुचेना, तेव्हा 'दामा पाटील, बैल मारका' असं लिहिलं. मी ते तसंच्या तसं पट्टीवर उतरवलं. मला वाटलं, आडनावच असेल!

आठवड्यात पाटील दुकानात हजर. हातात पट्टी.

"माजे बैलाला मारका कोनी लिवला?"

हरिभाऊ उठून उभे राहिले. "चूक झाली, पाटील. बसा. सांगा, काय लिहू?"

पाटील बसले. डोकं खाजवलं. बराच वेळ विचार केला.

"ऱ्हाऊ दे तसाच," ते म्हणाले. "नाय तं माजा कागद भलत्या दामाकडं जायाचा."

जाताना बाटली घेऊन गेले. बैलाच्या खांद्याला लावायला.

\* \* \*

पुढे नानासाहेबांचे भाचे माधवराव मॅट्रिक होऊन मुंबईहून आले. त्यांनी येताना एक छापील लिस्ट आणली. वकील, मास्तर, इनामदार, सगळे ओळीनं.

"मामा, जग छापील झालंय," ते म्हणाले. "नि आपण पेन्सिलीनं माणसं खोडत बसलोय!"

नानासाहेबांनी निवाडा केला. या दिवाळीला पाचशे कागद वहीतून जातील, पाचशे लिस्टवरून. ज्याचे कमी परत येतील त्याचं काम राहील. दुसऱ्याची खुर्ची जाईल. माधवरावांना मामा होता. हरिभाऊंना पंचावन्न वर्षं पुरी झाली होती आणि दुसरं काही येत नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

दोन्हीकडचे पत्ते लिहायला मीच. लिस्ट इतकी सुबक होती की वाचायची गरजच नव्हती. दुपारी हरिभाऊंनी माझा एक कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"रा. रा. मागील पानावरून पुढे चालू, मुक्काम कल्याण," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "यांना दोन प्रती पाठवा. घराणं लांबलचक दिसतंय."

\* \* \*

महिन्यानं मोजणी झाली. लिस्टवरचे दोन कागद परत आले होते. हरिभाऊंचे तीन! तिन्हींवर पोस्टाचा शेरा: 'घेणार मयत'.

"तिघेही?" नानासाहेबांनी विचारलं.

"कागद निघाले त्याच आठवड्यात गेलेले दिसतात," हरिभाऊ म्हणाले. "कळवायला हवं होतं."

कोणी हसलं नाही. नानासाहेब खाली बघत होते. त्यांना हरिभाऊंकडे बघवत नव्हतं. हरिभाऊंनी वही मिटली, तिच्यावर पेन्सिल ठेवली आणि दोन्ही माधवरावांपुढे सरकवली.

तेवढ्यात पोस्टाचा शिपाई गणू धापा टाकत पायरी चढला. काखेत कागदांचा गठ्ठा.

"काय हरिभाऊ, आज घरी नाय तुमी? ओटीवर किती हाका मारल्या! हे बगा, आनखी चाळीस आलेत. डोंबिवलीचे, कल्याणचे. पत्ता लागत नाय."

हरिभाऊंनी गठ्ठा घेतला, जागेवर बसले, लाल शाईची दौत ओढली.

"हे मास्तर मानपाड्याला बदलून गेले," ते पुटपुटले आणि लिहिलं. "हे वकील आता भावाकडे असतात." लिहिलं. "हे... हे जिवंत आहेत, पण रागावून काशीला गेलेत. राहू दे, बायको घेईल."

"गणू," नानासाहेबांनी हळूच विचारलं, "हे रोजचंच?"

"महिना झाला, शेट. परत देन्याआधी हरिभाऊंना इचारायचं, असं आमच्या पोस्टमास्तरांनीच सांगून ठेवलंय. कमी नाय, दीडशे तरी सुदरले आसतील!"

मी वाकून पाहिलं. अक्षर माझं होतं, पण पत्ते वहीतले नव्हते. चाळीसच्या चाळीस छापील लिस्टवरचे!

नानासाहेबांनी लिस्ट उचलली आणि पुड्या बांधणाऱ्या गड्याकडे फेकली. "कागद चांगला आहे," एवढंच म्हणाले.

माधवरावांचे कान लाल झाले होते. पण माणूस सरळ. हरिभाऊंसमोर येऊन उभे राहिले.

"तुमची खुर्ची जात होती, हरिभाऊ. माझे कागद तुम्ही का पोचवलेत?"

हरिभाऊंनी मान वर केली नाही. शाई वाळायची होती.

"कागदावर तुमचं नाव कुठं होतं, माधवराव? घेणाऱ्याचं होतं."