एक्स-रे नॉर्मल आहे

डॉक्टर चक्क माझ्या पावलावर बसले, दोन्ही हातांनी नडगी धरली आणि टेबलाचा खण ओढावा तशी पुढे ओढली. ती आली. माझी स्वतःची नडगी गुडघ्यातून पुढे सरकताना मी डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या पायाची जागची हलली नाही.

"लिगामेंट तुटलंय," ते म्हणाले. "आजचं नाही हे. बरेच महिने झालेत."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्यात खोपटजवळचं एक लहानसं हॉस्पिटल होतं. या तपासणीला ड्रॉवर टेस्ट म्हणतात. तिला ना यंत्र लागतं ना वीज. नुसते हात लागतात आणि थोडी इच्छा. ती इच्छा त्याआधी कुणालाच झाली नव्हती. आणि त्या बऱ्याच महिन्यांत मी राष्ट्रीय स्पर्धा खेळले होते, कॅप्टन म्हणून सुवर्णपदकही आणलं होतं.

मी नेटबॉल खेळायचे. "म्हणजे बास्केटबॉल ना?" असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारायचे. माझ्या केसपेपरवर तर व्हॉलीबॉल लिहिलं होतं. बास्केटबॉलमध्ये चेंडू आपटत पळता येतं, आमच्यात नाही. चेंडू हातात आला की पाय जिथे टेकला तिथे रोवायचा आणि चेंडू पुढे द्यायचा. पाय सरकला की शिट्टी. आमच्या प्रशिक्षक सरांनी शाळेपासून हेच आमच्या अंगात मुरवलं होतं.

डोंबिवलीच्या एका डांबरी मैदानावर मी उडी मारून चेंडू घेतला आणि उजवा पाय रोवला. अंग वळलं, पाय वळला नाही. आत काहीतरी कट्कन तुटलं. शहाण्या माणसाने पाय उचलला असता. मी आधी चेंडू दिला आणि मग खाली बसले. सरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे नव्या मुलींना ते हेच उदाहरण द्यायचे: एवढी कळ आली, पण हिचा पाय हलला नाही.

त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. नॉर्मल. आता नीट ऐका, कारण हे मला कुणी सांगितलं नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. माझं तुटलं होतं ते अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा दोर. तो एक्स-रेत दिसत नाही. पण सरांच्या हातात ती काळी फिल्म होती आणि तिच्यापुढे माझ्या बोलण्याला किंमत नव्हती. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "आता जे काही आहे, ते तुझ्या मनात आहे."

सूज उतरली, पण जिना उतरताना गुडघा दगा द्यायचा. मला वाटायचं, मीच भित्री. क्रेप बँडेज आवळून मी खेळत राहिले.

आम्ही खाडीकाठचे कोळी. आई बाजारात मासे विकायची. तिचं निदान वेगळंच होतं. पदक घेऊन आले त्या दिवशी आळीत बँड लावला होता. मला लंगडताना पाहून तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "जरासुदा ठसका नाय आला गो बाय," ती घाबरून म्हणाली. "केवडी नजर लागलीय बघ." मला हसू आलं होतं. आज वाटतं, मला खरंच काहीतरी झालंय यावर निदान तिचा तरी विश्वास होता.

मग एका सकाळी सरावात गुडघा वाकला तो सरळच होईना. आईने रिक्षात घातलं आणि खोपटला आणलं.

डॉक्टरांना मी एकच विचारलं: उन्हाळ्यात भारतीय संघाचं शिबिर आहे, तोवर खेळता येईल का? ते म्हणाले, "तेव्हाच आली असतीस तर बघितलं असतं. तुटल्या लिगामेंटवर खेळलीस, आता मेनिस्कसही फाटलाय." मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली गादी. "चालशील, जिने चढशील. खेळणं विसर." तो माणूस खरं बोलला. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला होता.

ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या वाटीखालच्या दोरातली पट्टी काढून आत नवं लिगामेंट बसवलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, बरं झालं, साडीत व्रण दिसणार नाही.

सर आले केळी घेऊन. इकडचं तिकडचं बोलले आणि म्हणाले, "तेवढा बिब दे. सेट अपुरा पडतोय." बिब म्हणजे बाळाचं लाळेरं नव्हे, खेळाडूची जागा सांगणारं अक्षर असलेलं कापड, छाती-पाठीवर बांधायचं. माझा सेंटरचा, 'सी'. आमच्या संघात सात बिबांचा एकच सेट होता. आपला बिब आपणच धुवायचा आणि खेळ सोडताना नव्या मुलीला आपल्या हाताने बांधायचा, अशी रीत होती. मी म्हटलं, जिला देणार आहात तिला पाठवा.

वैशाली आली. माझ्यापेक्षा लहान, वर्तकनगरची, माझ्याहून चपळ. वॉर्डच्या दारातली एकच पायरी उतरताना तिचा हात गुडघ्यावर गेला.

"गुडघ्याला काय झालं?"

"काही नाही, ताई. एक्स-रे नॉर्मल आहे. सर म्हणतात, मनातलं आहे."

बिब माझ्या उशीखाली होता. तो मी काढला नाही. आईला सांगितलं, हिला आत्ता खाली डॉक्टरांकडे ने. आईने तिचं मनगट असं धरलं की तिला सुटताच येईना.

डॉक्टर तिच्याही पावलावर बसले. लिगामेंट ताणलं होतं, तुटलं नव्हतं. खेळ बंद, पूर्ण विश्रांती. तिचं त्या वर्षीचं शिबिर हुकलं. सरांनी शिंप्याकडून नवा 'सी' शिवून घेतला आणि तिसऱ्याच मुलीला बांधला. वैशाली माझ्या खाटेपाशी येऊन रडत म्हणाली, "तुम्हाला खेळता येत नाही, म्हणून मलाही खेळू दिलं नाहीत."

तुमच्या घरात कुणी खेळत असेल आणि गुडघा सुटतोय म्हणत असेल, तर फिल्म बाजूला ठेवा आणि त्या पोरीचं ऐका. माझ्या पावलावर बसलेल्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. बाकीच्यांचं मी काही देणं लागत नाही.

वैशाली बरी झाली. पुढे भारताकडून खेळली, माझ्याच जागेवर. माझ्याशी ती अजून बोलत नाही. न बोलू दे.